वरच्या डब्याची पट्टी

फेब्रुवारी सरत आला की आमच्या घरातला एक माणूस बिघडतो. आमचे हे. सकाळी अजून शाल लागत असते, पण दुपारी बाल्कनीची फरशी पायांना तापलेली लागायला लागते, कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पहिल्या कैऱ्या दिसतात, आणि खालच्या मजल्यावरची बारावीतली मुलगी जिन्यात उभी राहून फोनवर मैत्रिणीला सांगत असते, "अगं, सोमवारपासून प्रॅक्टिकल्स!" तेवढा एक शब्द ह्यांच्या कानावर पडायचा अवकाश. एरवी मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ह्यांना ऐकू येत नाही. हा शब्द मात्र बंद दारातून ऐकू येतो. लगेच पेपरची घडी होते आणि शर्टाच्या बाह्या वर जातात.

"अहो, कुठं निघालात?"

"कुठं नाही. माळ्यावर जरा बघतो."

माळ्यावर बघण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. आमच्या कारखान्यात तयार झालेले शेवटचे दोन पॉवर सप्लाय. कारखाना बंद करून आम्ही विश्रांतवाडीला राहायला आलो तेव्हा बाकी सगळं विकलं, हे दोन डबे तेवढे ह्यांनी रिक्षात मांडीवर घेऊन आणले. मी मागच्या रिक्षातून देव घेऊन आले. दरवर्षी ह्या दिवसांत डबे खाली उतरतात, जेवणाच्या टेबलावर बसतात, त्यांची जोडणी होते, दिवा लागतो, ह्यांचा जीव थंड होतो आणि डबे परत वर जातात. ह्याचा मला राग नाही. माझं दुखणं निराळंच आहे. डब्यांवरची खोळ काढली की मला वसुधाबाई आठवतात, आणि तेव्हाचा सगळा हिशोब ह्या वयातही पुन्हा उघडतो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कसबा पेठेत तांबट आळीच्या मागच्या बोळात तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, त्यांना आम्ही कारखाना म्हणायचो. तिथं कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी पॉवर सप्लाय बनायचे. भिंतीतली वीज म्हणजे आडदांड प्रकरण, ती काही मुलांच्या हाती देता येत नाही. आमचा डबा ती वीज घ्यायचा, तिचा जोर उतरवायचा, तिला सरळ करायचा आणि पुढच्या दोन टर्मिनलांवर, एक लाल प्लसचं आणि एक काळं मायनसचं, शून्यापासून तीस व्होल्टपर्यंत हवी तेवढी द्यायचा. वर्षभर कॉलेजांना ह्या डब्यांची आठवण नसे. जानेवारीत सगळ्यांना एकदम जाग यायची. जळलेले डबे दुरुस्तीला, नव्या डब्यांच्या ऑर्डरी, आणि सगळं प्रॅक्टिकलच्या आधी हवं. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे: सोल्डरिंगचा राळेसारखा धूर, ट्रान्सफॉर्मरचं वॉर्निश, बाहेरून तांब्याची भट्टी, आणि त्या सगळ्यावरून कुणाच्या तरी परसातल्या आंब्याचा मोहोर. दिवसभर तांबटांचे हातोडे चालत. नव्या माणसाचं डोकं उठायचं, आम्हाला ते थांबले की चुकल्यासारखं व्हायचं.

शनिवार पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडातून रोज चालत आम्ही दोघं कारखान्यात जायचो. मी बी. कॉम. झालेली, पण माझं काम काय, तर डब्यांना खोळी शिवायच्या. जाड निळ्या कापडाच्या, पुढं पारदर्शक खिडकी असलेल्या. कोपऱ्यात माझं पायाचं शिलाई मशीन होतं. मधोमध तपासणीचं लांब टेबल, त्याच्यापाशी दोन स्टुलं. एक ह्यांचं. दुसरं वसुधाबाईंचं.

वसुधाबाई इंजिनिअर होत्या. त्या काळात बाई इंजिनिअर म्हटलं की माणसं मान वळवून बघायची. सायकलवरून यायच्या, पदर खोचून बसायच्या, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवायच्या म्हणजे काम करताना काच आपटत नाही. मीही काही दिवस तसं घड्याळ बांधून बघितलं. हे म्हणाले, "पट्टा सैल झालाय का तुझा?" मी घड्याळ काढून मशीनच्या खणात टाकलं.

आता स्पष्टच सांगते, तसलं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. हे सरळ माणूस, आणि त्या तर त्याहून सरळ. पण दोघं टेबलाशी बसली की त्यांचं बोलणं अर्ध्या अर्ध्या वाक्यांत चालायचं. हे म्हणायचे, "बाई, तो रिपल..." आणि त्या म्हणायच्या, "कपॅसिटरच बघतेय." झालं. दोघांना कळलेलं असायचं. माझ्याशी हे पूर्ण वाक्यं बोलायचे. "संध्याकाळी येताना मंडईतून कोथिंबीर आणायची आहे." पूर्ण वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापद! वसुधाबाईंनी जेवणाच्या डब्यातून आणलेली जवसाची चटणी ह्यांना फार आवडली. मी घरी केली तर म्हणाले, "तेल जरा जास्त झालंय का गं?" जास्त झालेलं नव्हतं. मी त्या रात्री चटणीची बरणी मोलकरणीला देऊन टाकली आणि वर तिला म्हटलं, ह्यांना जवस बाधतं.

मी मशीन चालवता चालवता कान तिकडं ठेवायची. महत्त्वाचं काही चाललंय असं वाटलं की पाय थांबवायची, दोरा ओवल्यासारखं करायची. अशानं त्या वर्षी मी खोळी कमी आणि वीज जास्त शिकले. मी हे सगळं प्रेमानं शिकले असं कुणाला वाटेल, तर वाटू दे. मी जळून शिकले.

एकदा दोन डबे पॅरलल जोडायचं चाललं होतं. म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस, व्होल्ट तेवढेच पण ताकद दोघांची मिळून. वसुधाबाईंनी जोडलं, दिव्याचा भार लावला आणि हसल्या. "बघा, सगळा भार हाच घेतोय. तो नुसता बसलाय." हे म्हणाले, "बसणारच. ह्याचे व्होल्ट केसभर जास्त आहेत. जो केसभर वर तो सगळं ओढतो, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. आधी दोघांचे व्होल्ट मीटरनं मोजून सारखे करायचे, आणि दोघांच्या वाटेत एकेक डायोड टाकायचा. नाहीतर उद्या हा नुसता भार ओढून थांबायचा नाही, उलटा त्याच्यातच करंट घुसवेल." डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारी छोटीशी वस्तू, दाण्याएवढी. मी कोपऱ्यातून त्या नुसत्या बसलेल्या डब्याकडं बघत होते. त्याचा लाल दिवा लागलेला होता, काटा व्होल्ट दाखवत होता, सगळं व्यवस्थित होतं, फक्त त्याच्याकडं कुणी काही मागत नव्हतं. मला रडायला यायला लागलं आणि मी सुई बदलायच्या निमित्तानं खाली वाकले.

पण मला खरी हाव होती ती दुसऱ्या गोष्टीची. कारखान्यात ह्यांचा एक नियम होता. जोडणारा एक, तपासणारा दुसरा. हे तारा जोडत. मग हात मागं घेत. तपासणारा एकेका तारेवर बोट ठेवत जाई, टर्मिनलपासून टर्मिनलपर्यंत, आणि सगळं बरोबर असलं की म्हणे, "हं, लावा." मगच बटण. तपासणाऱ्या अर्थात वसुधाबाई. त्यांनी "हं, लावा" म्हटलं की ह्यांचा हात सरळ बटणाकडं जायचा. मध्ये काही नाही. मान वळत नसे, डोळा परत तारांकडं जात नसे. त्या एका क्षणाची मला इतकी असूया वाटायची की काय सांगू! माझ्या हातचा चहासुद्धा हे आधी फुंकर मारून, घोटभर घेऊन मग पीत. आणि तिथं तीस-तीस व्होल्टचं बटण, एका परक्या बाईच्या हुंकारावर.

मग तो दिवस आला. एका कॉलेजचे सर ऑर्डर पक्की करायला यायचे होते. चांगली मोठी ऑर्डर, आणि प्रॅक्टिकल पंधरवड्यावर आलेली. त्यांना एका प्रयोगाला साठ व्होल्ट हवे होते आणि आमचा डबा तीसचा. हे म्हणाले, "दोन सिरीजमध्ये जोडून दाखवतो, समोर." सिरीज म्हणजे खालच्या डब्याचं प्लस वरच्या डब्याच्या मायनसला जोडायचं. मग दोघांचे व्होल्ट एकमेकांवर चढतात, तीस आणि तीस साठ.

ह्यात एक मेख असते. आमच्या डब्याला लाल-काळ्याशेजारी तिसरं हिरवं टर्मिनल होतं, अर्थिंगचं. कॉलेजवाल्यांच्या सोयीसाठी आम्ही काळं आणि हिरवं एका छोट्या पितळी पट्टीनं जोडून द्यायचो, म्हणजे मायनस जमिनीला बांधलेलं राहतं. एकटा डबा वापरताना ही पट्टी बरी. पण दोन डबे सिरीजमध्ये घेतले की वरच्या डब्याची पट्टी काढलीच पाहिजे. राहिली, तर खालच्या डब्याचं प्लस त्या पट्टीतून जमिनीत जातं आणि जमिनीतून त्याच्याच मायनसला येऊन भिडतं. मधल्या मधे शॉर्ट. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोरा ओवता ओवता कळलं होतं.

सर आले. चष्मेवाले, घाईतले, बोलणं न थांबवणारे. हे एकीकडं त्यांना उत्तरं देत तारा जोडत होते. जोडून झालं, हात मागं घेतले. वसुधाबाईंनी बोट फिरवलं, ह्या तारेवरून त्या तारेवर, आणि म्हणाल्या, "हं, लावा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तिथून मला वरच्या डब्याची पट्टी दिसली. जागच्या जागी, चकचकीत.

ह्यांचा हात बटणाकडं निघाला होता.

"थांबा!" मी ओरडले. चहा बशीत सांडला. "वरची पट्टी!"

चांगुलपणानं ओरडले असं नाही. ऑर्डर जाईल ह्या भीतीनंही नाही. मला तिचं चुकलेलं दिसलं आणि राहवेना. मनात अशी उकळी फुटली की बस. हे वाकले, पट्टी बघितली. वसुधाबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सर म्हणाले, "अरे वा, तुमच्या मिसेसना बरंच कळतं!" ह्यांनी पट्टी काढली. मी वाट बघत होते. आता माझ्याकडं बघतील, निदान एकदा. हे वसुधाबाईंकडं वळले आणि म्हणाले, "बाई, आता बघा."

बाई, आता बघा! चूक तिची, डोळा माझा, आणि पुन्हा बघायचं कुणी, तर बाईंनी. मी ट्रे शिलाई मशीनवर आदळला.

वसुधाबाई स्टुलावरून उठल्या. "आज मी नाही," त्या म्हणाल्या. "वहिनी बघतील."

म्हणजे ती जागा मला मिळाली तीही त्यांनी उठून दिली म्हणून. ह्यांनी दिली असती तर मी नाचले असते. पण मी बसले. का नाही बसणार? बोट एकेका तारेवरून नेलं आणि म्हटलं, "हं, लावा." आणि ह्यांनी काय करावं? ह्यांची मान पुढं आली. माझ्या बोटामागून ह्यांचे डोळे प्लसपासून मायनसपर्यंत सगळ्या तारांवरून एकदा फिरून आले. मगच बटण दाबलं. काटा साठावर गेला, सर खूश झाले, ऑर्डर मिळाली. मी एकटीनंच ती पुढं आलेली मान बघितली.

मे महिन्यात वसुधाबाई बंगळूरच्या नोकरीवर गेल्या. जाताना माझ्यासाठी अबोलीचा गजरा आणला आणि जवसाच्या चटणीची कृती सांगितली. मी गजरा माळला, चटणी कधी केली नाही. दुसरं स्टूल माझं झालं. खोळी शिवायला बाहेरून माणूस लावला. मग कितीतरी फेब्रुवारी आम्ही दोघांनी त्या टेबलाशी काढले. मी सोल्डरिंग शिकले, मीटर वाचायला शिकले, करंटचं बटण आधी शून्याशी आणून मगच डबा चालू करायचा हे तर झोपेतही विसरले नसते, कारण मग काही चुकलंच तर डबा जळत नाही, नुसता लाल दिवा लावून थांबतो. गिऱ्हाईकं मला फोनवर शंका विचारायची. ह्यांच्याशी माझंही अर्ध्या वाक्यांत बोलणं व्हायला लागलं. सगळं मिळालं. पण माझ्या प्रत्येक "हं, लावा" नंतर ह्यांची मान पुढं यायचीच. एकदाही चुकली नाही. मी बोलायची नाही. आधी आधी मोजायची, पुढं पुढं मोजणंही सोडलं. आपल्या नवऱ्याच्या मानेवर राग धरून माणूस किती वर्षं संसार करू शकतं, ह्याचा नमुना म्हणजे मी. लोकांच्या बायकांना सवती असतात, माझ्या वाट्याला गेलेल्या बाईचं रिकामं स्टूल आलं, आणि त्यावर मीच बसायची.

तर ह्या वर्षीही डबे खाली आले. ह्यांनी खोळी काढल्या, धूळ नसताना फडक्यानं पुसलं. बाल्कनीतून ऊन टेबलाच्या प्लॅस्टिकवर आलं होतं. गेल्या वर्षी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून ह्यांना समोरच्या इमारतीतलं दोरीवरचं धुणंसुद्धा दिसतं, कुणाचा टॉवेल फाटलाय ते सांगतात. बोटं मात्र थरथरतात. म्हणून आता पट्ट्यांचे बारीक स्क्रू मी फिरवते, तारा हे लावतात.

"दहा-दहावर ठेवू या," मी म्हटलं. "साठ कशाला? रोषणाई थोडीच करायचीय?"

"वीस तर वीस," हे म्हणाले. "सिरीज ना?"

"सिरीज."

काय अंगात आलं माझ्या, कोण जाणे. बाहेर कैरीवाला ओरडत होता, जिन्यातली मुलगी कसलीशी सूत्रं मोठ्यानं घोकत होती, आणि मला ती पुढं आलेली मान आठवली. मी दोन्ही डब्यांचं करंटचं बटण शून्याशी आणलं. आणि वरच्या डब्याची पट्टी काढलीच नाही. स्क्रू फिरवल्यासारखं केलं आणि ड्रायव्हर बाजूला ठेवला. म्हटलं, बघू या. आता हे मान पुढं काढतील, पट्टी बघतील, आणि मग मी विचारीन. इतकी वर्षं विचारलं नाही ते सगळं विचारीन. बाईंवर डोळे मिटून भरवसा आणि माझ्यावर का नाही, ह्याचं उत्तर घेतल्याशिवाय आज वरणाला फोडणी नाही.

ह्यांनी तारा लावल्या. हळूहळू, जीभ ओठांत धरून. हात मागं घेतले. मी बोट फिरवलं. पट्टीवरून फिरवलं, थांबले नाही.

"हं, लावा."

ह्यांचा हात सरळ बटणाकडं गेला.

मान हलली नाही. डोळे तारांकडं गेले नाहीत. मी गडबडून ह्यांचं मनगट धरलं. "अहो, थांबा! वरची पट्टी आहे अजून!"

"दिसली," हे म्हणाले.

"दिसली? केव्हा?"

"तार लावतानाच. आंधळा आहे का मी?"

"मग बटण काय दाबता? बोलायचं नाही?"

हे माझ्याकडं बघायला लागले, मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय असं. "तपासणारी तू," हे म्हणाले. "तू हं म्हणालीस ना."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मनगट सोडायचं सुचेना. ऊन टेबलावरून माझ्या हातावर आलं होतं. ह्या एका वाक्यासाठी मी किती फेब्रुवारी त्या स्टुलावर घालवले, आणि ते आलं तेही असं, वैतागून, "आंधळा आहे का" च्या मागोमाग. मी पदरानं डोळे पुसले. म्हटलं, झालं. भरून पावले. आता वसुधाबाई समोर आल्या तर मी त्यांना मिठी मारीन, चटणी करून घालीन.

आणि तेवढ्यात डोक्यात आलं, की त्या दिवशी, ते चष्मेवाले सर आले होते त्या दिवशी, तारसुद्धा ह्यांनीच लावली होती. अशाच काळ्या टर्मिनलला. अशाच पट्टीच्या बोकांडी. तेव्हाही ती दिसली असेल, तर आज मला मिळालं ते बाईंना तेव्हाच मिळून चुकलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी बाईंनी हं म्हटलं तेव्हा, तेव्हाही पट्टी दिसली होती का तुम्हाला?"

हे डब्यावरची नसलेली धूळ पुसायला लागले. प्रॅक्टिकल हा शब्द ह्यांना बंद दारातून ऐकू येतो. माझा हा प्रश्न मात्र हातभर अंतरावरून ऐकू आला नाही.

"काढ ती पट्टी," हे म्हणाले. "नीट तपास, मग लावतो."

मी पट्टी काढली. बोट पहिल्या तारेवर ठेवलं, दुसऱ्या तारेवर ठेवलं, सगळ्या तारा झाल्या, सगळं बरोबर होतं. ह्यांचा हात बटणावर होता आणि डोळे माझ्या तोंडाकडं. मी पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात केली.